डब्यावरचं एक वाक्य

चाकणच्या तळेगाव चौकात सकाळी सहाच्या सुमाराला उभं राहिलं, की कंपन्यांच्या बसगाड्यांची रांग दिसते. कुणी पहिल्या शिफ्टला निघालेलं असतं, कुणी रात्रपाळी संपवून परतत असतं. अशा कुठल्याही चौकातल्या औषधाच्या दुकानात जा आणि काउंटरमागच्या फळीवर बघा. लहान बाळांच्या दुधाच्या पावडरचे डबे ओळीने मांडलेले असतील.

त्या डब्यांकडे जरा नीट पाहिलं तर एक गंमत लक्षात येते. बिस्किटाच्या पुड्यावर हसरं मूल असतं, साबणावर असतं, डायपरवर तर असतंच. पण बाळासाठीच बनवलेल्या या डब्यावर बाळाचं चित्र नसतं. आईचंही नसतं. उलट ठळक अक्षरांत एक सूचना असते: आईचं दूध हेच बाळासाठी सर्वोत्तम.

म्हणजे हा माल स्वतःच सांगतो, की माझ्यापेक्षा चांगलं काहीतरी तुमच्याकडे आहे. आपल्या रोजच्या वापरातल्या किती वस्तूंवर असं लिहिलेलं असतं?

ते वाक्य कुठल्याही कंपनीने आपणहून छापलेलं नाही. त्याच्यामागे सुमारे शंभर वर्षांचा इतिहास आहे. त्यातला बराचसा भाग आपल्याच आसपास घडला: मुंबईच्या गिरण्यांत, पिंपरीच्या एका कारखान्यात, सायनच्या रुग्णालयात, वर्ध्यात आणि पुण्याच्या ससूनमध्ये. ही गोष्ट आहे बाळाच्या तोंडात काय जातं आणि त्याचा त्याच्या जंतूंशी चाललेल्या लढाईशी काय संबंध आहे, याची.

अफूची गोळी आणि गिरणीचा भोंगा

सुरुवात मुंबईपासून करू. विसाव्या शतकाच्या पहिल्या वीस-पंचवीस वर्षांत तिथल्या कापड गिरण्यांत हजारो बायका काम करत. बऱ्याचशा कोकणातून आणि घाटावरून आलेल्या. बाळंत झाली की पगार बंद. म्हणून पोट अगदी पुढे येईपर्यंत काम करायचं आणि बाळंतपणानंतर लवकरात लवकर परत कामावर जायचं.

मग बाळाचं काय? १९२१-२२ च्या सुमाराला डॉ. बार्न्स या सरकारी डॉक्टर बाईंनी गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणांची पाहणी केली. त्यात दिसलं, की जवळजवळ सगळ्या कामगार आया बाळाला अफूची गोळी देत होत्या. बाळ दिवसभर झोपून राहावं म्हणून. झोपलेलं बाळ रडत नाही, दूधही मागत नाही. त्या काळातल्या मुंबईत बालमृत्यूचं प्रमाण इतकं भयानक होतं, की आज ते आकडे वाचताना छपाईची चूक असावी असं वाटतं.

त्या आया निर्दय होत्या का? अजिबात नाही. त्यांना बाळ आणि भाकरी यांतून रोज काहीतरी निवडावं लागत होतं. १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या भरपगारी रजेचं विधेयक आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, आणि बाईच्या श्रमातून ज्याला नफा मिळतो त्या मालकाने या खर्चाचा वाटा उचलावा, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला. भारतातला या प्रकारचा तो पहिला कायदा.

हे आधी सांगितलं, कारण पावडरच्या दुधाची कहाणी सांगताना आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायची सवय फार जुनी आहे. आपल्याला ते करायचं नाही.

दुधाचं गणित

ज्या काळात गिरणीतली आई अफूची गोळी शोधत होती, त्याच काळात श्रीमंत घरांत दुसरी वस्तू शिरत होती. १८६५ मध्ये युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने बाळासाठी एक खाद्य बनवलं होतं. गव्हाचं पीठ, माल्ट, गायीचं दूध आणि थोडं पोटॅशियम बायकार्बोनेट. दोनच वर्षांनी स्वित्झर्लंडमध्ये हेन्री नेस्ले यांनी दूध आणि पिठाचं आपलं मिश्रण बाजारात आणलं. न्यूझीलंडच्या एका कंपनीने दुधाची पावडर ‘ग्लॅक्सो’ या नावाने विकायला सुरुवात केली. धष्टपुष्ट, गुबगुबीत बाळ ही तिच्या जाहिरातीची ओळख. ही पावडर भारतात विकण्यासाठी १९२४ मध्ये मुंबईत एक एजन्सी निघाली. आज औषधांसाठी ओळखल्या जाणाऱ्या ग्लॅक्सोचं भारतातलं पहिलं पाऊल म्हणजे बाळांची पावडर होती.

या सगळ्यांचा विचार एकच होता. आईच्या दुधात काय काय आहे ते मोजायचं आणि तेवढंच दुसऱ्या दुधात जुळवायचं. हिशोब साधा होता. आईच्या १०० मिली दुधात प्रथिनं सुमारे १ ग्रॅम, गायीच्या दुधात ३ ग्रॅमच्या वर, म्हशीच्या दुधात त्याहून जास्त. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, आईच्या दुधात सुमारे ७ ग्रॅम, गायीच्या दुधात पाचाहून कमी. मग पाणी घालून प्रथिनं कमी करा, साखर वाढवा, स्निग्धांश बदला.

पुढे लक्षात आलं, की प्रथिनं किती हे जितकं महत्त्वाचं तितकंच ती कुठली हेही महत्त्वाचं. गायीच्या दुधात केसीन भरपूर असतं. ते पोटात घट्ट गोळा होऊन बसतं. आईच्या दुधात पातळ, निवळीतली प्रथिनं जास्त. मग तेही प्रमाण जुळवलं गेलं. जीवनसत्त्वं घातली, लोह घातलं. वजनाच्या काट्यावर बाळं छान वाढू लागली.

भारतात तर हे काम आणखी अवघड होतं, कारण आपल्याकडे दूध मुख्यतः म्हशीचं. म्हशीच्या दुधाची पावडर होऊच शकत नाही, असं परदेशी तज्ज्ञ सांगत. एच. एम. दलाया यांनी आणंदला ते करून दाखवलं आणि १९५५ मध्ये अमूलचा पावडरचा कारखाना उभा राहिला. म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्र संशोधन संस्थेने म्हशीच्या दुधापासून बाळांचं खाद्य बनवायची पद्धत बसवली. परकीय चलन वाचलं, शेतकऱ्यांना बाजार मिळाला. ही खरोखरच अभिमानाची गोष्ट होती.

फक्त एक गोष्ट गणितात बसत नव्हती. काट्यावर तुल्यबळ दिसणारी ही बाळं जास्त आजारी पडत होती.

जे मोजलंच नव्हतं

१८९९ च्या सुमाराला पॅरिसच्या पाश्चर संस्थेत हेन्री तिसिए नावाचा डॉक्टर तान्ह्या बाळांची शी तपासत होता. (विज्ञानात असली कामंही करावी लागतात.) अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीमध्ये त्याला इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखे, दोन फाटे फुटलेले जिवाणू भरपूर सापडले. त्यांना आज आपण बायफिडोबॅक्टेरिया म्हणतो. बाटलीवरच्या बाळांत ते कमी होते.

का? उत्तर मिळायला निम्मं शतक गेलं. १९५४ मध्ये अमेरिकेत पॉल ग्योर्गी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की आईच्या दुधात काहीतरी असं आहे ज्यावर हे जिवाणू पोसले जातात. ते म्हणजे गुंतागुंतीच्या साखरा. आईच्या दुधात अशा शंभराहून जास्त प्रकारच्या साखरा असतात आणि एका लिटरमध्ये त्या सुमारे ५ ते १५ ग्रॅम भरतात. गायीच्या दुधात त्या नावापुरत्या.

चमत्कार असा, की बाळाला या साखरा पचतच नाहीत. लीबिगच्या हिशोबात त्या वाया गेलेला माल ठरल्या असत्या. पण त्या बाळासाठी नसतातच मुळी. त्या बाळाच्या आतड्यात राहणाऱ्या जिवाणूंसाठी असतात. हे जिवाणू त्या साखरा खातात, आम्ल तयार करतात, आणि त्या आंबट वातावरणात जुलाब करणाऱ्या जंतूंना पाय रोवता येत नाहीत. शिवाय यांतल्या काही साखरा आतड्याच्या अस्तरावरच्या खुंट्यांसारख्या दिसतात. रोगजंतू अस्तराला चिकटण्याऐवजी या खोट्या खुंट्यांनाच चिकटतात आणि शीबरोबर बाहेर जातात.

हे एवढ्यावर थांबत नाही. लॅक्टोफेरिन नावाचं प्रथिन लोह धरून ठेवतं. जंतूंना वाढायला लोह लागतं, ते त्यांना मिळू देत नाही. लायसोझाइम नावाचं दुसरं प्रथिन जिवाणूंची भिंतच फोडतं. आईच्या दुधात ते गायीच्या दुधापेक्षा हजारो पटींनी जास्त असतं.

मग १९६१ मध्ये स्वीडनच्या लार्स हॅन्सन यांनी आईच्या दुधातली खास प्रतिपिंडं ओळखली. ती रक्तातल्या प्रतिपिंडांपेक्षा वेगळी असतात. आतड्यात टिकून राहतात आणि अस्तरावर पहारा देतात. ती येतात कुठून, हे नंतरच्या संशोधनातून कळलं. आईच्या पोटात किंवा श्वसनमार्गात जो जंतू जातो, त्याला ओळखणाऱ्या पेशी तिथून प्रवास करत तिच्या स्तनांपर्यंत पोचतात आणि नेमक्या त्याच जंतूविरुद्धची प्रतिपिंडं दुधात सोडतात.

याचा अर्थ नीट समजून घेऊ. चाकणमध्ये राहणारी आई चाकणचं पाणी पिते, चाकणची हवा घेते, शेजारच्या खोलीतल्या पोराची सर्दी तिला होते. तिच्या दुधात त्याच पाण्याच्या, त्याच हवेच्या जंतूंवरचा उतारा तयार होतो. ती लातूरहून आली असेल नाहीतर बिहारहून, आता ती इथली हवा घेते आणि तिचं दूधही इथलं होतं. कारखान्यात बनलेला डबा मात्र चाकणला आणि चंदीगडला सारखाच असतो. त्याला कोण कुठे राहतं ते माहीत नसतं.

पिंपरीचं पेनिसिलीन

लायसोझाइम शोधलं कुणी? अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी. सर्दीच्या शेंबडात आणि अश्रूंत जिवाणू मारणारं काहीतरी असतं हे त्यांना दिसलं आणि १९२२ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. त्यानंतर सहा वर्षांनी, १९२८ मध्ये, त्यांना पेनिसिलीन सापडलं.

एकाच माणसाचे हे दोन शोध. पहिला आपल्या शरीरात आणि आईच्या दुधात आधीपासून असलेल्या संरक्षणाचा, दुसरा बाहेरून देण्याच्या औषधाचा. जगाने दुसऱ्याला डोक्यावर घेतलं, आणि त्यात चूक काहीच नव्हती. दुसऱ्या महायुद्धात पेनिसिलीनने असंख्य जीव वाचवले. ब्रिटनमध्ये ते मोठ्या प्रमाणावर बनवणाऱ्यांत एक नाव होतं, ग्लॅक्सो. तीच बाळांची पावडरवाली कंपनी.

स्वतंत्र भारताला हे औषध विकत घेणं परवडत नव्हतं. म्हणून १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. युनिसेफने यंत्रसामग्रीसाठी मदत केली, जागतिक आरोग्य संघटनेने तांत्रिक मार्गदर्शन केलं, आणि १९५५ मध्ये इथून भारतीय पेनिसिलीन बाहेर पडलं. तेव्हा इथे औद्योगिक वसाहत नव्हती. टेल्को, बजाज, नंतरचं चाकण, हे सगळं पुढचं. आज ज्याला आपण पिंपरी-चिंचवड म्हणतो त्याच्या औद्योगिक इतिहासाची सुरुवात मोटारींनी झाली नाही, जंतूंविरुद्धच्या औषधाने झाली.

इथल्या प्रयोगशाळेत एम. जे. तिरुमलाचार यांच्या गटाने मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून बुरशीवरचं नवं औषध शोधलं. सूक्ष्मजीवाच्या शास्त्रीय नावात पिंपरीचं नाव आलं: स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. औषधाचं नाव ठेवलं हॅमायसिन. बाळांच्या तोंडात पांढरी बुरशी येते, तिच्यावरही ते वापरलं गेलं. पिंपरीच्या मातीतून निघालेलं औषध बाळाच्या जिभेवर! ही गोष्ट आपल्याला शाळेत का कुणी सांगितली नाही, कोण जाणे.

योगायोग बघा. १९५४ हेच ते वर्ष, ज्या वर्षी तिकडे ग्योर्गींनी दुधातल्या त्या साखरांवरचं काम प्रसिद्ध केलं. बाळाला जंतूंपासून वाचवायचे दोन रस्ते त्या वर्षी एकाच वेळी खुले झाले. एक रस्ता आजार झाल्यावर जंतू मारायचा. दुसरा जंतूंना मुळात जागाच न देण्याचा. पहिल्या रस्त्यावर कारखाना उभा राहिला, वसाहत झाली, नोकऱ्या आल्या. दुसऱ्या रस्त्यावर कारखाना उभारता येत नव्हता, म्हणून कदाचित त्याकडे लक्ष द्यायला फार कुणाला सवड नव्हती. आणि पहिल्या रस्त्याला मर्यादा होत्याच. तान्ह्या बाळांचे पुष्कळसे जुलाब विषाणूंमुळे होतात, तिथे पेनिसिलीन काही करत नाही. उलट प्रतिजैविकं बाळाच्या आतड्यातले ते उपयोगी जिवाणूही मारतात.

बाटली आणि पाणी

डब्यातलं दूध बाळाच्या पोटात जातं ते पाण्यातून, बाटलीतून आणि कुणाच्या तरी हातातून. गरीब वस्तीत या तिन्ही ठिकाणी जंतू असतात. १९३९ मध्ये सिसिली विल्यम्स या डॉक्टर बाईंनी सिंगापूरच्या रोटरी क्लबसमोर भाषण केलं आणि बाळांना गोड आटवलेलं दूध द्यायला लावणं म्हणजे खून आहे, असं तोंडावर सांगितलं. १९७४ मध्ये ब्रिटनच्या ‘वॉर ऑन वॉन्ट’ संस्थेने गरीब देशांतल्या पावडर-विक्रीवर अहवाल काढला. स्वित्झर्लंडमधल्या कार्यकर्त्यांनी त्याचा जर्मन अनुवाद केला आणि शीर्षक असं दिलं, की नेस्लेने बदनामीचा खटला भरला. १९७६ मध्ये कार्यकर्ते हरले. दंड नाममात्र झाला, पण न्यायाधीशांनी कंपनीला विक्रीच्या पद्धती बदलायचा सल्लाही दिला. १९७७ मध्ये अमेरिकेत बहिष्काराची चळवळ सुरू झाली.

१९८१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेत या विक्रीसाठी आचारसंहिता मंजूर झाली. बाजूने ११८ देश, विरोधात एकटी अमेरिका. भारताने १९८३ मध्ये स्वतःची संहिता काढली. पण संहिता म्हणजे सल्ला. सल्ला न पाळल्याबद्दल कुणी तुरुंगात जात नाही.

सायन, वर्धा आणि कायदा

मुंबईत सायन रुग्णालयात धारावीतली बाळं येतात. तिथल्या नवजात विभागात डॉ. आर्मिडा फर्नांडिस काम करत होत्या. कमी वजनाची, दिवस भरायच्या आधी जन्मलेली बाळं जंतुसंसर्गाने दगावत होती. महागडी यंत्रं नव्हती. त्यांनी विभागातलं पावडरचं दूध आणि बाटल्या दूर करून आयांना बाळांजवळ आणलं. आणि ज्यांच्या आईला दूध येत नाही त्यांच्यासाठी १९८९ मध्ये दूधपेढी सुरू केली. दुसऱ्या आयांनी दिलेलं दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून साठवायचं आणि गरजेच्या बाळाला द्यायचं. आशियातली ही पहिली दूधपेढी. तापवल्याने दुधातलं काही संरक्षण कमी होतं, पण त्या साखरा टिकतात, प्रतिपिंडांचाही बराच भाग टिकतो.

लगेच पुढच्या वर्षी, १९९० मध्ये, ब्रिटनमधल्या ९२६ अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आतडं सडवणारा एक भयंकर आजार या बाळांना होतो. फक्त फॉर्म्युल्यावर असलेल्या बाळांत तो, फक्त आईच्या दुधावर असलेल्यांपेक्षा, ६ ते १० पट जास्त आढळला. ही बाळं श्रीमंत देशातल्या चांगल्या रुग्णालयांतली होती. म्हणजे सगळा दोष घाण पाण्यावर ढकलता येत नव्हता. डब्यात काय आहे आणि काय नाही, हाही प्रश्न होता.

१९९१ च्या डिसेंबरमध्ये वर्ध्यात देशभरातले डॉक्टर आणि कार्यकर्ते जमले आणि स्तनपानाच्या प्रसारासाठी ‘बीपीएनआय’ ही संस्था स्थापन झाली. मुंबईत बालरोगतज्ज्ञ डॉ. आर. के. आनंद आणि त्यांची ‘अकॅश’ ही ग्राहक संघटना कंपन्यांच्या जाहिरातींवर डोळे ठेवून होतीच. १९९२ च्या अखेरीला संसदेने कायदा केला. पावडर, बाटल्या आणि बाळांच्या खाद्याच्या जाहिरातीला आळा, फुकट नमुने बंद, डॉक्टरांना भेटवस्तू बंद, डब्यावर बाळाचं किंवा बाईचं चित्र बंद. आणि ते वाक्य सक्तीचं.

सरकारने काही संस्थांना या कायद्याखाली थेट तक्रार करायचा अधिकारही दिला. १९९४ मध्ये अकॅशने नेस्लेविरुद्ध दिल्लीच्या न्यायालयात तक्रार दाखल केली. मुद्दा डब्यावरच्या मजकुराचा होता. २००३ मध्ये कायदा आणखी कडक झाला आणि दोन वर्षांपर्यंतच्या बाळांचं खाद्य त्यात आलं.

ससूनमधला पेच

आता या गोष्टीतला सगळ्यात अवघड भाग. आईच्या दुधातूनच आजार जात असेल तर?

नव्वदच्या दशकात एचआयव्ही पसरत होता आणि महाराष्ट्राला त्याचा मोठा फटका बसला होता. आईच्या दुधातून बाळाला विषाणू जाऊ शकतो, हे सिद्ध झालेलं. त्यामुळे एचआयव्हीबाधित आयांना अंगावर पाजू नका, वरचं दूध द्या, असं सांगितलं जाई. कागदावर अगदी तर्कशुद्ध.

पुण्यात ससून आणि बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉक्टरांनी अशा १४८ आया आणि त्यांच्या बाळांचा पाठपुरावा केला. निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. ६२ आयांनी अंगावर पाजलं होतं, ८६ जणींनी वरचं दूध दिलं होतं, बहुतेकींनी पाणी घातलेलं गायीचं, म्हशीचं नाहीतर शेळीचं. पहिल्या काही महिन्यांत ज्या बाळांना रुग्णालयात दाखल करावं लागलं, ती सगळी वरच्या दुधावरची होती. कारणं मुख्यतः जुलाब, न्यूमोनिया, जंतुदोष. एका विषाणूपासून वाचवायला गेलो आणि बाकी सगळ्या जंतूंना दार उघडून दिलं, असं झालं होतं. हे दूध डब्याचं नव्हतं हे खरं, पण पाणी तेच, भांडी तीच आणि दुधातून गायब असलेलं संरक्षणही तेच.

पुढे आईला आणि बाळाला औषधं देऊन स्तनपान सुरू ठेवायचा मार्ग निघाला. पुण्यासह तीन देशांतल्या चाचण्यांनी त्याला आधार दिला. निवड ‘आईचं दूध की सुरक्षितता’ अशी नव्हतीच. आईला औषध मिळेल अशी सोय करायची की नाही, अशी होती.

आजचा डबा

आजचा डबा लीबिगच्या काळातला नाही, हे मान्य करायला हवं. त्या साखरांपैकी एखाददुसरी आता कारखान्यात बनवून काही देशांतल्या पावडरमध्ये घालतात. उपयोगी जिवाणू घालतात, लॅक्टोफेरिन घालतात. ओडिशाच्या खेड्यांतल्या ४,५०० हून जास्त नवजात बाळांवर एक चाचणी झाली, ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. एक जिवाणू आणि त्याचं साखरेचं खाद्य आठवडाभर दिल्यावर जंतुदोष आणि मृत्यू मिळून ४० टक्के घट दिसली. पण लक्षात घ्या, ही बाळं अंगावर पिणारीच होती. म्हणजे ते स्तनपानाच्या जोडीला होतं, त्याच्या जागी नव्हतं. शंभरातल्या दोन साखरा घातल्या म्हणजे उरलेल्या आल्या असं होत नाही, आणि चाकणच्या जंतूंवरची प्रतिपिंडं तर कुठल्याच डब्यात येत नाहीत.

किती फरक पडतो? २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने विकसनशील देशांतले अभ्यास एकत्र केले. पहिल्या दोन महिन्यांत आईचं दूध न मिळालेल्या बाळांत संसर्गाने मृत्यू येण्याचा धोका जवळजवळ सहापट होता. बेलारूसमध्ये १७,००० बाळांचा मोठा प्रयोग झाला. तिथे पाणी स्वच्छ, दवाखाने चांगले. तरीही ज्या रुग्णालयांत स्तनपानाला नीट मदत केली, तिथल्या बाळांत पोटाच्या संसर्गाचा धोका ४० टक्क्यांनी कमी झाला.

आणि हे आपल्यापैकी किती जणांना माहीत असतं, की पावडर निर्जंतुक नसते? डबा सीलबंद असला तरी त्यात क्वचित क्रोनोबॅक्टरसारखे जंतू असू शकतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटना २००७ पासून सांगते, की पाणी उकळा आणि ते ७० अंशांच्या खाली जायच्या आत पावडर मिसळा, मग गार करून लगेच पाजा. उरलेलं तासन्‌तास ठेवू नका. ज्या बाळाला खरोखर पावडर द्यावीच लागते, त्याच्यासाठी हे नियम जीवनमरणाचे आहेत. आई दगावलेली असते, आजारी असते, दूध खरंच पुरत नसतं. अशा घरात अपराधीपणा वाटण्यापेक्षा थर्मास, माप आणि स्वच्छ वाटी-चमचा जास्त उपयोगी पडतो.

माप यासाठी, की इथे पैशाचा प्रश्न येतो. तीन महिन्यांच्या बाळाला दिवसाला साधारण १०० ते ११० ग्रॅम पावडर लागते. ४०० ग्रॅमचा डबा चार दिवसही धड पुरत नाही. महिन्याला आठ डबे. महिनाअखेरीला चमचा हळूहळू सपाट होतो, पाणी वाढतं. बाळाचं पोट भरतं, पोषण होत नाही.

हिरकणीची शिफ्ट

परत तळेगाव चौकात येऊ. बस आली आहे.

कायदा २०१७ मध्ये बदलला. बाळंतपणाची भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. डॉक्टर सांगतात सहा महिने फक्त आईचं दूध द्या, आणि २६ आठवडे म्हणजे सहाच महिने. पण त्यातले आठ आठवडे बाळंतपणाआधी घेतले तर बाळाच्या वाट्याला अठराच उरतात. ५० किंवा त्याहून जास्त कामगार असतील तिथे पाळणाघर हवं. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दोन सुट्ट्यांची तरतूद तर १९६१ च्या कायद्यातच होती.

पण हक्क मिळवायचा तर बाळंतपणाच्या आधीच्या वर्षभरात त्या मालकाकडे ८० दिवस काम केलेलं हवं. जिचा ठेकेदार बदलत राहतो, जिचं नाव या रजिस्टरमधून त्या रजिस्टरमध्ये जातं, तिने हे ८० दिवस कुणाच्या दारात मोजायचे? भोसरीच्या छोट्या वर्कशॉपात पाळणाघर कुठून येणार? सासू गावाकडे, नवरा दुसऱ्या शिफ्टला, शेजारीण परप्रांतातली. अशा घरात डबा येतो तो जाहिरात बघून नव्हे, भोंगा ऐकून येतो. गिरणीच्या आईजवळ अफूची गोळी होती, हिच्याजवळ डबा आहे. डबा गोळीपेक्षा नक्कीच चांगला. पण प्रश्न शंभर वर्षं तोच राहिलाय.

महाराष्ट्रात एसटी स्थानकांवर आणि कचेऱ्यांत बाळाला पाजण्यासाठी जी खोली असते तिला आपण ‘हिरकणी कक्ष’ म्हणतो. हिरकणीची कथा सगळ्यांना माहीत आहे. रायगडावर दूध विकायला गेलेली गवळण, दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, म्हणून ती रात्री कडा उतरून गेली. तिच्या धाडसाचं आपण कौतुक करतो. पण त्या कथेत आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. दुसऱ्यांच्या घरी दूध पोचवणाऱ्या बाईला स्वतःच्या बाळापर्यंत पोचायला वाट नव्हती. दरवाजे वेळेवर बंद करणं हा नियम होता, आणि नियम करताना तिचा विचार कुणी केला नव्हता.

चाकणच्या कंपन्यांनाही दरवाजे आहेत आणि तेही वेळेवर बंद होतात. डब्यावरचं वाक्य खरं आहे, विज्ञानाने ते पुन्हा पुन्हा सिद्ध केलंय. पण ते वाक्य आईसाठी छापलं आणि आपलं काम संपलं असं समजलं, तर ते कड्यावरून उतरण्याचा उपदेश करण्यासारखं आहे. खरं तर ते वाक्य कंपनीच्या गेटवर, ठेकेदाराच्या रजिस्टरवर आणि शिफ्टच्या वेळापत्रकावर छापायला हवं. तिथे ते वाचून कुणीतरी दरवाजा उघडू शकेल.